दहा मिनिटं मोजणं इतकं अवघड आहे का? (उर्फ जळलेला पाचवा थर)

म्हापसेकरीण

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकावा की तंत्रज्ञानात, यावर बराच विचार केला. शेवटी इथे टाकतेय, कारण पाककृतीत काहीच चूक नव्हती.

परवा नणंद पुण्याहून येणार म्हणून बेबिंक, आपलं गोव्याचं थरांचं गोड, करायला घेतलं. ज्यांनी फक्त विकत आणून खाल्लंय त्यांच्यासाठी सांगते: नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. हे सगळं एकदम ओतून मोकळं व्हायचं नसतं. एक डाव ओतायचा, वरच्या आचेवर तांबूस करायचा, तूप सोडायचं, मग दुसरा डाव. असे सात थर. माझ्या ओव्हनमध्ये पहिल्याला पंधरा मिनिटं लागतात, मधल्यांना बारा-दहा, आणि शेवटी ओव्हन इतका तापलेला असतो की आठव्या मिनिटाला डोकावलं नाही तर संपलंच. म्हणजे दीड-पावणेदोन तास दर थोड्या वेळाने कोणीतरी मला हाक मारायला हवी. आमच्या शेजारची आंटी पूर्वी तिझाली नावाच्या भांड्यात करायची, झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून. ती तिथून उठायचीच नाही, म्हणून तिला टायमरही लागायचा नाही. मी उठते. मला लॅपटॉपवर ऑफिसचं कामही उरकायचं असतं.

तर, ओव्हनचा स्वतःचा टायमर: पाचवर लावला की कधी तिसऱ्या मिनिटाला टण्ण करतो, कधी सातव्या. त्याच्यावरचा विश्वास केव्हाच उडालाय. म्हणून फोनवर लावला. चौथ्या थराच्या वेळी नणंदेचाच फोन आला, आंबोलीचा घाट उतरलो म्हणून. बोलण्याच्या नादात टायमर कुठेतरी बारीक कुईं करून गेला असणार. तो थर थोडक्यात वाचला. पाचव्याला म्हटलं आता लॅपटॉपवर लावते, तो तर डोळ्यांसमोरच आहे. ब्राउझरमध्ये दहा मिनिटं लावली. तेवढ्यात बाहेर पावसाची सर आली, लॅपटॉप मिटला आणि कपडे काढायला धावले. परत येऊन उघडला तर टायमर सांगतो, अजून ७ मिनिटं ४२ सेकंद आहेत. वा, म्हटलं, बराच वेळ आहे, चहा टाकते.

मग वास आला.

मला एवढंच विचारायचंय. घरात ओव्हन, मायक्रोवेव्ह, दोन फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन, एसी, सगळ्यांत टायमर आहे. आणि दहा मिनिटं झाली हे मला नीट सांगणारं एकही यंत्र नाही, हे कसं?

उंडोपाव

पाचव्या थराला भावपूर्ण श्रद्धांजली. जळका थर काढून बाकीचं खाल्लंत की नाही ते आधी सांगा.

म्हापसेकरीण

खाल्लं. सासऱ्यांनी तर 'बरें लागता गो' म्हणत दोनदा घेतलं. ते ८४ वर्षांचे आहेत, त्यांचं मत ग्राह्य धरू नये.

अर्धाबाइट

ताई, तुमच्या लॅपटॉपने खोटं सांगितलं नाही. त्याने झोपेतला वेळ मोजला नाही, इतकंच.

टायमर लिहायच्या दोन पद्धती आहेत. पहिली: ६०० हा आकडा घ्यायचा आणि दर सेकंदाला त्यातून एक वजा करायचा. दुसरी: आत्ता ५ वाजून २० मिनिटं झालीत, म्हणजे साडेपाचला वाजवायचंय, असं टिपून ठेवायचं आणि मधून मधून भिंतीवरचं घड्याळ बघायचं. पहिल्या पद्धतीचा टायमर म्हणजे डोळे मिटून मोठ्याने आकडे म्हणणारं पोर. त्याला झोप लागली की आकडे थांबतात, आणि जागं झालं की जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे म्हणायला लागतं. लॅपटॉप मिटला की प्रोसेसर झोपतो. तुमचा टायमर या जातीचा होता.

हा गोंधळ नुसता आळशी प्रोग्रामरचा नाही, तो खालपर्यंत गेलेला आहे. लिनक्समध्ये 'मोनोटॉनिक' नावाचं एक घड्याळ आहे, ते कधी मागे जात नाही, पण यंत्र झोपलं की थांबतं. त्याचं भावंड 'बूटटाइम', ते झोपेतही चालतं. दोघांपैकी कोणतं वापरायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि बहुतेक वेळा त्याने ठरवलेलंच नसतं. जे समोर आलं ते वापरलं. (मीही वापरलंय. नोकरी टिकली.)

ब्राउझरचा अजून एक खोडसाळपणा. लॅपटॉप मिटला नसता, नुसतीच दुसरी टॅब उघडून काम केलं असतं, तरी पूर्ण सुटका नव्हती. मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर सेकंदाला एकदा इतके मंदावतात. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पाचेक मिनिटं कोणी न बघितलेल्या गप्प टॅबला तर मिनिटाला एकदाच जाग येऊ देतात. बॅटरी वाचावी म्हणून. आता जो टायमर जाग आल्यावर एक सेकंद वजा करतो आणि जागच मिनिटाला एकदा येते, त्याचं गणित तुम्हीच करा.

म्हापसेकरीण

म्हणजे माझ्या दहा मिनिटांचे पाच तास होऊ शकले असते.

अर्धाबाइट

अगदीच भोंगळ लिहिलेला असता तर, हो. जरा बरा प्रोग्रामर प्रत्येक जागेला खरं घड्याळ बघतो, मग चूक मिनिटाच्या आत राहते.

टेस्टर

डिचोलीला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, ओव्हनवर मी बोलतो. तुमचा तो फिरवायचा टायमर बिघडलेला नसणार. त्यात स्प्रिंग असते. पाच मिनिटांसाठी नुसतं पाचवर नेलं तर स्प्रिंगला पुरता पीळच बसत नाही, मग ती मनाला येईल तशी सुटते. थोड्या मिनिटांसाठी बटण आधी पंधरा-वीसच्या पुढे फिरवायचं आणि मग मागे पाचवर आणायचं. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती पुस्तिका ओव्हनच्या खोक्यात असते, आणि खोका माळ्यावर.

एवढं करूनही एखाद-दुसरं मिनिट इकडे-तिकडे होणारच. सात थरांना ते चालणार नाही, केकला चालतं.

दुकानात येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तर टायमरच्याच असतात. सर्वांत जास्त म्हणजे 'मशीन एक मिनिटावर अडकलंय'.

खळखळ

टेस्टरभाऊ, तेच विचारायला आले होते! आमचं वॉशिंग मशीन ३८ पासून व्यवस्थित उतरत येतं, आणि एकवर आलं की तिथेच वस्ती करतं. काल त्या एका मिनिटात मी भात लावला, कुकर गार झाला, आम्ही जेवलो.

टेस्टर

ते मिनिट घड्याळाचं नाही. मशीन जे दाखवतं तो अंदाज असतो: सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर इतका वेळ. पाणी भरताना ते मिनिटं मोजत नाही, पातळी बघतं. नळाला जोर नसला की आकडा तिथेच उभा. आणि शेवटी पिळताना टॉवेल एका बाजूला गोळा झाले तर ड्रम हादरायला लागतो. मग मशीन थांबतं, थोडं पाणी घेतं, कपडे सारखे करतं, परत फिरवून बघतं. जमलं नाही की पुन्हा. हे सगळं त्या 'एक'मध्ये चालतं, कारण त्याच्या खाली दाखवायला आकडाच उरलेला नसतो. एक चादर आणि चार रुमाल असं धुऊ नका, आणि मशीनचे पाय सारखे आहेत का बघा.

खळखळ

पाय बघते. पण मग 'एक' कशाला दाखवायचं? 'बघतो' असं लिहावं.

सुपारीबाग

तुमचे थर जळले, माझी मोटर जळली.

फोंड्याकडे आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. उन्हाळ्यात पोफळींना पाणी द्यायला पंपावर टायमर बसवला. ती गोल तबकडी असते ना, कडेला ९६ खुंट्या, एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. हव्या तेवढ्या खुंट्या दाबायच्या, बाकी काम त्याचं. सकाळी साडेपाच ते साडेसात पाणी. दोन महिने इतकं सुरळीत चाललं की मी त्या बाजूला फिरकायचंही सोडलं.

मग मे महिन्यात वळवाचा फटका बसला. वायरवर माड पडला आणि आमच्या वाड्यावरची लाईट संध्याकाळी सातला गेली ती पहाटे तीनला आली. आता ती तबकडी फिरते विजेवर. लाईट गेली की तबकडी जागीच थांबते, आली की जिथे होती तिथून पुढे. म्हणजे पहाटे तीन वाजता तिच्या हिशेबात संध्याकाळचे सातच. दुसऱ्या दिवसापासून पाणी साडेपाचऐवजी दुपारी दीडला सुरू झालं. भर उन्हात पोफळींच्या मुळांशी पाणी! आणि त्याच वेळी शेजारचाही पंप चालू असतो, विहीर एकच. पाणी खाली गेलं, आमचा पंप कोरडा फिरला, वाइंडिंग गेलं. हे कळलं चौथ्या दिवशी, आणि तेही गडी म्हणाला 'बाब, पंप हुनहुनीत जाला' तेव्हा.

दुकानदाराला म्हटलं, हे असं होतं हे आधी सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, 'लाईट गेली तर परत लावायचा ना टायम.' म्हणजे टायमर लावायचा, आणि लाईट गेली का हे बघायला पहाटे तीनला जागं राहायचं.

आता बॅटरीवाला डिजिटल घेतलाय. लाईट नसली तरी घड्याळ चालतं. शिवाय पाणी खाली गेलं की पंप बंद करणारं यंत्रही बसवलं. तरी सकाळी एक फेरी मारतोच.

पाटोळीच्या_पानावर

मायक्रोवेव्हची तीच रड. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून चारदा जाते आणि दर वेळी मायक्रोवेव्ह शून्य-शून्य मिचकावत बसतो. जूनमध्ये दोनदा वेळ लावली, मग सोडून दिलं. गेली तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात मध्यरात्रच आहे.

टेस्टर

त्यातली गंमत सांगतो. अशा कितीतरी यंत्रांत घड्याळासाठी वेगळा स्फटिक नसतोच. ती भिंतीतून येणाऱ्या विजेचे हेलकावे मोजतात: सेकंदाला ५०, मिनिटाला ३०००. विजेची वारंवारिता जराशी घसरली की घड्याळही मागे. २०१८ मध्ये युरोपात हे खरंच घडलं. कोसोवो आणि सर्बिया यांच्यातल्या वादामुळे तिथे वीज कमी पडली, ती कोणी भरून काढेना, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत वारंवारिता सरासरी ५० च्या किंचित खाली राहिली. किंचित म्हणजे ४९.९९६. तेवढ्याने पोर्तुगालपासून पोलंडपर्यंत ओव्हनची आणि उशाजवळच्या गजराची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. लोकांना ऑफिसला उशीर झाला आणि कारण कोणी खरं मानलं नसेल.

उंडोपाव

'सर, कोसोवोमुळे उशीर झाला.' टिपून ठेवलंय.

सेशन_संपले

माझी तक्रार उलटी आहे. ज्या टायमरने थांबायला हवं तो थांबत नाही. एका सरकारी कामाचा फॉर्म भरत होतो, कोणत्या खात्याचा ते जाऊ द्या. कोपऱ्यात १५ मिनिटांचा काटा. फॉर्ममध्ये आजोबांच्या जन्माची नोंद मागितली होती. आता आमच्या आजोबांची नोंद पोर्तुगीज लिपिकाने वळणदार अक्षरात केलेली, ती वाचायलाच दहा मिनिटं. आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. ते ठरवून, स्कॅन करून, फाइल ठरलेल्या वजनाखाली आणून अपलोड करेपर्यंत 'आपले सत्र संपले आहे'. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वेळी सगळं आधी जमवून, शर्यतीला उभं राहिल्यासारखा बसलो, तर ओटीपी आला नाही. तो आला तेव्हा त्याची मुदत संपली होती. आयडी याच काळातलं आहे.

अर्धाबाइट

सत्राला मुदत असणं योग्यच आहे. सायबर कॅफेत कोणी तसाच उठून गेला तर मागून बसणाऱ्याच्या हाती सगळं पडू नये म्हणून. पण माणूस टाइप करत असताना, फाइल चढवत असताना मुदत वाढवायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळी लिहिलेल्या नसतात.

ओटीपीवरून आठवलं. ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड असतो ना, तो कोणी पाठवत नाही. तुमचा फोन आणि समोरचा सर्व्हर दोघेही एकच गुपित आणि 'आत्ता किती वाजले' हे घेऊन स्वतंत्रपणे तोच आकडा काढतात. फोनचं घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकीचं असेल तर कोड दर वेळी चुकणार. आमच्या ऑफिसात एकाने हाताने घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलं होतं, उशीर होऊ नये म्हणून. तो दोन दिवस लॉगिन करू शकला नाही.

टेस्टर

तसंच गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, 'इंटरनेट बंद पडलंय' म्हणून. जुना कॉम्प्युटर, कुठलीही साइट उघडत नाही, सुरक्षेचा लाल इशारा. पोराने विंडोज दोनदा टाकून बघितलेलं. मी आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघतो. २०१० वगैरे. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्या चपट्या सेलचं. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड. तो मेला की यंत्राला वाटतं आपण भूतकाळात आहोत, आणि भूतकाळातून बघितलं तर साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नसतं. सेल बदलून तारीख लावली की इंटरनेट सुरू. गिऱ्हाइकाला मात्र वाटतं की एवढ्याशा सेलचे पैसे घेऊन मी काहीतरी लपवतोय.

मास्तर (निवृत्त)

चर्चा वाचतो आहे. आपल्याकडे मुहूर्तासाठी घटिकापात्र असे. तांब्याचं पातळ भांडं, बुडाला बारीक भोक, ते घंगाळातल्या पाण्यावर तरंगत सोडायचं. हळूहळू भरून बुडालं की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. साठ घटकांचा दिवस. आपण 'घटका भरली' म्हणतो ती हीच. आता त्याचं वैशिष्ट्य लक्षात घ्या: भांडं बुडताना आवाज करत नाही. त्यामुळे त्याच्याजवळ एक माणूस बसवावाच लागे. तो भांडं पुन्हा रिकामं करून सोडी आणि टोल देई. टायमर म्हणजे भांडं अधिक माणूस. तुम्ही मंडळींनी भांड्याला कर्णा लावला आणि माणसाला घरी पाठवलं.

जाता जाता: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि पणजी साधारण ७३.८ वर. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या डोक्यावर सूर्य यायला सरासरी ३५ मिनिटं बाकी असतात. आपण सगळेच थोडे आधी जेवतो.

उंडोपाव

आणि त्याची भरपाई एक ते चार झोपून करतो. मास्तर, त्या झोपेसाठी मी २० मिनिटांचा टायमर लावतो. आजवर एकदाही ऐकलेला नाही. (कोणी 'सुशेगाद' हा शब्द काढलात तर धागा सोडून जाईन.)

पाटोळीच्या_पानावर

मास्तरांशी सहमत. पण खरं सांगू का, टायमर लावून स्वयंपाक करायचाच कशाला? आई वासावरून सांगायची. कुकरला तीन शिट्ट्या, झालं.

टेस्टर

शिट्टी वेळ सांगत नाही, वाफेचा दाब सांगते. आच मोठी केली तर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत, बारीक ठेवली तर पंधरा. मग डाळ कच्ची राहिली की दोष डाळीला.

पाटोळीच्या_पानावर

आमची डाळ कधी कच्ची राहत नाही. 🙂

तारवटी

मी मुरगावचा, जहाजावर असतो, सध्या सुट्टीवर. मास्तरांनी 'भांडं अधिक माणूस' म्हटलं त्यावर लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, एक टायमर असतो, तो उलटा आहे. माणसाने टायमरवर लक्ष ठेवायचं नाही, टायमर माणसावर लक्ष ठेवतो. रात्री वॉचवर (पहाऱ्यावर) एकटा अधिकारी असला, चहूकडे काळोख, जहाज ऑटोपायलटवर, की डोळा लागू शकतो. तसं होऊन जहाजं खडकावर गेलेली आहेत. म्हणून हे यंत्र. त्याची गप्प बसायची मुदत ३ ते १२ मिनिटांच्या मधली असते. ती संपली की आधी नुसता दिवा लुकलुकतो. तुम्ही बटण दाबलंत की पुन्हा गप्प. नाही दाबलंत तर १५ सेकंदांनी ब्रिजवर भोंगा. तरी नाही दाबलंत तर आणखी १५ सेकंदांनी भोंगा कॅप्टनच्या किंवा दुसऱ्या अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये वाजतो. त्यालाही जाग आली नाही तर पुढे आणखी लोकांकडे. २०११ पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर ते सक्तीचं झालं.

पहिल्या वर्षी त्याचा मला फार राग यायचा. जागा आहे, काम करतोय, तरी दर थोड्या वेळाने 'मी आहे' म्हणून सांगायचं. मग एकदा रात्री, अंगात ताप होता, दिवा लुकलुकताना मला दिसला नाही. भोंग्याने उठलो. उभ्याउभ्या झोपलो होतो. समोर काही नव्हतं, मासेमारीची होडीसुद्धा नाही. पण त्या रात्रीनंतर राग गेला.

म्हापसेकरीण, तुमच्या घरातले सगळे टायमर एकदा वाजतात आणि त्यांचं काम संपतं. तुम्ही ऐकलंत की नाही, याची त्यांना पर्वा नाही. आमचा टायमर ऐकलं नाही असं धरून चालतो आणि दुसऱ्याला उठवतो.

म्हापसेकरीण

हे दोनदा वाचलं. माझ्या ओव्हनने बाजूच्या आंटीच्या घरी भोंगा वाजवायला हवा तर.

खळखळ

तारवटी, जहाजावर वेळ बदलत राहते ना? मग गजराचं काय करता?

तारवटी

पश्चिमेला जाताना रात्री घड्याळ तासभर मागे घेतात, पूर्वेला पुढे. नोटीस लागते. फोन मात्र स्वतःच्या मनाने वागतो. एकदा किनाऱ्याजवळून जाताना त्याने तिथलं नेटवर्क पकडलं आणि तासाने पुढे गेला. माझा वॉच चारचा, मी तीनलाच दाढी करून हजर. आधीच्या वॉचवाल्याने मिठीच मारली. तेव्हापासून फोनची वेळ आपोआप बदलणं बंद, आणि उशाशी चावीचं घड्याळ.

कानगोष्टी

श्रवणयंत्रांचं काम करते म्हणून एक मुद्दा. म्हापसेकरीण, सासरे ८४ वर्षांचे म्हणालात. घरात ते असताना टायमर वाजला तर त्यांना ऐकू येतो का?

म्हापसेकरीण

अजिबात नाही! ओव्हनच्या शेजारी बसून पेपर वाचत होते, टण्ण झालेलं कळलं नाही. आणि सकाळी पोदेर (पाववाला) नाक्यावर असतानाच 'पाव आयला' म्हणून पिशवी घेऊन दारात उभे.

कानगोष्टी

वाटलंच. या यंत्रांतले बझर साधारण दोन ते चार हजार हर्ट्झचे, बारीक आणि उंच. वयाने कान आधी वरचेच सूर सोडतो. पोदेराच्या रबरी भोंप्याचा सूर खालचा आणि जाड, तो शेवटपर्यंत ऐकू येतो. म्हणजे सासरे बहिरे नाहीत, बझर त्यांच्यासाठी बनवलेला नाही.

दुसरं, तुम्हालाही हा अनुभव असेल: घरात काहीतरी टीटी करतंय आणि काय करतंय तेच सापडत नाही. फ्रिज, इन्व्हर्टर, फोन, सगळीकडे शोधायचं. खालच्या सुराची दिशा आपण दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो, वरच्या सुराची जोरातल्या फरकावरून. बझरचा सूर मधल्या पट्ट्यात पडतो, जिथे दोन्ही खुणा कच्च्या असतात. आणि सगळ्या कंपन्या नेमका तोच सूर वापरतात, कारण तो बझर स्वस्त आहे.

पाटोळीच्या_पानावर

आमच्याकडे इन्व्हर्टरचा टीटी ऐकून मी फ्रिज उघडून बंद करते. वर्षानुवर्षं.

सेशन_संपले

फोनचं कोणी बोललं नाही. मी एक सुंदर ॲप घेतलं होतं, २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुट्टी. फोन पालथा ठेवला की कधी वाजायचं, कधी मी फोन उचलल्यावर 'अरे हो, झाली की' अशा थाटात वाजायचं.

अर्धाबाइट

फोन पडून राहिला की तो गाढ झोपतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय 'डोझ' नावाने सहाव्या आवृत्तीत, २०१५ मध्ये आली. ॲपनी मागितलेली जाग तो एकत्र गोळा करतो आणि थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांना एकदम देतो. मात्र खऱ्या गजरासाठी वेगळी खिडकी आहे, तिथून मागितलं तर फोन वेळेवर उठतोच. फोनबरोबर आलेलं साधं घड्याळ तीच खिडकी वापरतं. सुंदर ॲप वापरेलच असं नाही. त्यामुळे सल्ला कंटाळवाणा आहे: मूळ घड्याळ वापरा. आयफोनवाल्यांना तर २०२३ च्या आयओएस १७ पर्यंत एका वेळी एकच टायमर लावता यायचा. भात आणि अंडी दोन्ही असतील तर एक अंदाजाने.

आणि वेळ मोजणाऱ्या आकड्याची जागाही संपते बरं का. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं तर अडकायचं, कारण सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तिथे भरून पुन्हा शून्यावर यायचा. हे बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर ते चालूच राहायचं नाही. पुढचा मोठा मुहूर्त १९ जानेवारी २०३८, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या यंत्रांची तेव्हा घटका भरेल. मास्तर, शब्द बरोबर वापरला ना?

मास्तर (निवृत्त)

बरोबर. दोन्ही अर्थांनी.

म्हापसेकरीण

मंडळी, अहवाल देते. आज पुन्हा केलं. नणंद उद्या निघणार, अर्धं तिच्या डब्यात जायचंय.

व्यवस्था अशी: फोनवर मूळ घड्याळाचाच टायमर, आणि आवाज बदलून मोटारीच्या जुन्या भोंप्यासारखा केला (कानगोष्टी, देव बरें करूं). ओव्हनचा टायमर वीसपर्यंत फिरवून मग मागे, तो फक्त राखीव. लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत. आणि सासऱ्यांना ओव्हनसमोर खुर्ची दिली, हातात पेपर, 'भोंपो वाजलो की म्हाका उलो मारात' असं सांगून. पहिल्या चार थरांना त्यांनी इतकी जोरात हाक मारली की शेजारची आंटी खिडकीत आली. पाचव्याला हाक आली नाही. मी धावले तर टायमर वाजतोय, सासरे पेपर तोंडावर घेऊन घोरतायत, आणि आंटी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून थर बघतेय. म्हणाली, 'आनीक एक मिनीट राव.'

एक मिनिट थांबले. रंग अगदी हवा तसा आला. सहावा आणि सातवा तिनेच बघितला, टायमर न लावता.

तारवटी

भोंगा दुसऱ्या केबिनमध्ये वाजला म्हणायचा.

उंडोपाव

उरलंय का?

म्हापसेकरीण

डब्यात भरलं. उरलेल्याचं अर्धं आंटीला दिलं. अर्ध्याचं अर्धं सासरे जागे झाल्यावर.

खळखळ

मशीनचे पाय सारखे केले, टेस्टरभाऊ. आता दोनवर अडकतं.